साहेब आत होते

मी एक जुना लॅच आहे, मित्रांनो. हल्ली माझा मुक्काम बिस्किटांच्या एका रिकाम्या डब्यात असतो. शेजारी थोडे वाकडे खिळे, एक तुटकी कडी, सुकून दगड झालेली डिंकाची बाटली, आणि माझ्या तीन किल्ल्या. होय, तिन्ही. आयुष्यभर या तिघी कधी एका जागी आल्या नव्हत्या. आता आल्यात, तर उघडायला काहीच नाही.

लॅच म्हणजे दारात बसवलेलं कुलूप, हे तुम्हाला ठाऊक असेलच. आतून मूठ फिरवली की ते उघडतं, बाहेरून मात्र किल्ली लागते. आणि बाहेर पडताना दार नुसतं ओढलं, तरी ते आपोआप बंद होतं. हे शेवटचं तेवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आधीच सांगून टाकतो, मला फारसं काही वाटत नाही. पितळेचा जीव आहे माझा. कोणी प्रेमाने फिरवा, कोणी दातओठ खाऊन फिरवा, मी आपला ‘खट्’. पण एक गोष्ट माझ्यासमोर घडली. ती कोणाला तरी सांगावी असं इथे पडल्यापडल्या सारखं मनात येतं. मोठी माणसं ऐकायची नाहीत, त्यांना वेळ नसतो. म्हणून तुम्हाला सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. साच्यातून निघालो, कानशीने घासला गेलो, पोटात स्प्रिंग बसली. शेवटी एका बाईंनी मला कानाशी धरलं, किल्ली फिरवली, आवाज ऐकला आणि म्हणाल्या, “चालेल.” मित्रांनो, ती माझी पहिली स्तुती. पुढे पुष्कळांनी पुष्कळ काही म्हटलं, पण त्या ‘चालेल’ची सर कशालाच आली नाही.

तिथून मी हार्डवेअरच्या दुकानात गेलो आणि दुकानातून एका काकांच्या पिशवीत. काका छापखान्यात नोकरीला होते. काकू शाळेत शिवण शिकवायच्या. दोघांनी मिळून दोन मजली घर बांधलं होतं. खाली दोघं राहणार, वरचा मजला भाड्याने देणार. त्या वरच्या मजल्याच्या दारात मला बसवलं. सुतार जेवायच्या घाईत होता. त्याने मला केसभर खाली बसवलं आणि हात झटकून गेला. तेव्हापासून माझी एक खोड झाली. किल्ली घातल्यावर दार आधी जरासं वर उचलायचं, मगच किल्ली फिरवायची. नाहीतर मी हलत नाही म्हणजे नाही.

काका दर वर्षी म्हणायचे, “हा लॅच एकदा काढून नीट बसवला पाहिजे.” काकू म्हणायच्या, “तुमचं आपलं बोलणंच.” आणि तेवढ्यावरच ते राहायचं.

नवीन भाडेकरू आला की काकू स्वतः वर यायच्या. त्यांची एक पद्धत होती. घरात जितकी मोठी माणसं राहायला येणार, त्या प्रत्येकाने त्यांच्यासमोर आपल्या हाताने दार उघडून दाखवायचं. “एकाने उघडायचं आणि दुसऱ्याने बघायचं, असलं मला चालणार नाही,” त्या म्हणायच्या. “दार उचला, मग फिरवा. हं, आता तुम्ही.” शिवणाच्या वर्गात पोरींना टाके घालायला लावल्यासारखं चालायचं ते.

दोन किल्ल्या भाडेकरूंकडे असायच्या. तिसरी खाली काकूंच्या स्वयंपाकघरात खिळ्याला. पण त्या तिसरीला त्या घरात कोणी हात लावत नसे. भाडेकरू घरात असो वा नसो, त्याने बोलावल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, हा काकांचा नियम. “भाडं घेतलं की घर त्यांचं. आपण फक्त भिंतींचे मालक,” ते म्हणायचे.

पुष्कळ माणसं राहून गेली. एक नकाशे काढणारे गृहस्थ होते. ते माझ्या पोटात पिसाने तेल सोडायचे आणि पाहुण्यांना सांगायचे, “असा लॅच आता मिळत नाही हो.” नंतर दोन नर्स बहिणी आल्या. त्या थकून यायच्या आणि मला लाथेने उघडायच्या. मला दोन्ही सारखंच. खरं सांगायचं तर लाथेची सवय लवकर झाली.

मग ते जोडपं आलं.

तो चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायचा. ती एका प्रयोगशाळेत कवळ्या करायची, लोकांच्या तोंडात बसणारे खोटे दात. काकूंनी पहिल्याच दिवशी चहा पितापिता म्हटलं, “बरं झालं बाई. आमचे डोळे आणि दात दोन्ही गेलेत, घरबसल्या सोय झाली.” तेव्हापासून काकू दोघांना काचवाला आणि कवळीवाली म्हणायच्या. त्यांनाही ते आवडायचं. दोघांनी आपापल्या हाताने मला उघडून दाखवलं. त्याने पहिल्या झटक्यात उघडलं. तिला जमेना. तो मागून म्हणाला, “अगं, उचल की जरा.” ती म्हणाली, “तू गप्प बस, माझं मी बघते.” आणि हसत हसत तिने मला उघडलं. तेव्हा हसण्यासारखंच होतं सगळं.

त्यांच्याबरोबर एक ससा होता. पांढरा, लठ्ठ, एक कान कायम पडलेला. दिवसभर बसायचं, दिलं ते खायचं आणि कोणाला काही विचारायचं नाही, म्हणून त्याचं नाव पडलं ‘साहेब’. संध्याकाळी किल्ली माझ्यात शिरली की साहेब टणटण उड्या मारत दाराशी हजर. माझा ‘खट्’ म्हणजे गाजर, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. एवढ्या वर्षांत माझ्या आवाजाने कोणाला आनंद झालेला मी पहिल्यांदाच पाहिला. जे आहे ते सांगतो, मला ते बरं वाटायचं. जे काही थोडंसं वाटतं मला, त्यातलं ते.

दोघांचं बिनसलं कशावरून, ते मला नाही माहीत. दाराला अर्धंच ऐकू येतं. आधी आवाज चढायचे, दार आपटलं जायचं, आणि आपटलेल्या दारात मी मुकाट्याने लागायचो. मग आवाज खाली आले. मग बोलणंच बंद झालं. आणि मित्रांनो, आपटणाऱ्या दारापेक्षा ते बंद बोलणं मला जड गेलं. काही सांगायचंच झालं तर दोघं सशाला सांगायचे.

“साहेब, त्यांना म्हणावं, दूध संपलंय.”

“साहेब, त्यांना सांगा, आणलंय. डोळे उघडून बघा म्हणावं.”

साहेब मध्ये बसून कान हलवायचे. बिचाऱ्याला वाटायचं, दोघं आपले किती लाड करतात.

वेगळं व्हायचं ठरलं आणि बातमी खाली गेली. आता हे पुढचं नीट ऐका. काका-काकूंना मूल नव्हतं. वरच्या दोघांवर त्यांचा जीव जडलेला. झालं काय, की वरच्या भांडणाची ठिणगी खालच्या घरात पडली. काकू म्हणाल्या, पोराचं चुकलं, तो घुम्यासारखा बसतो. काका म्हणाले, पोरीची जीभ फार चालते. काकू म्हणाल्या, “म्हणजे माझीही चालते, असंच ना?” काका म्हणाले, “मी असं कुठे म्हटलं?” आणि त्या दिवशी खाली चहा दोन वेगवेगळ्या भांड्यांत झाला. हे मला कसं कळलं? ते दोघं भांडण मिटवायला जिन्यात येऊन बसले होते म्हणून. घरात बसून मिटेना, मग काकू म्हणाल्या, जरा हवेवर बसू. माझ्या दारापासून चार पायऱ्या खाली बसले होते.

तिथे काकूंनी तोडगा काढला. “हे बघा, पोरीचं काय ते मी ऐकीन. पोराचं तुम्ही ऐका. पण आपल्या घरात आणायचं नाही. तुम्ही मला सांगू नका, मी तुम्हाला सांगत नाही. त्यांचं त्यांना निस्तरू दे, आपला संसार कशाला नासवायचा?”

काकांना ते एकदम पटलं. “ठरलं,” ते म्हणाले. “पोटात ठेवायचं.”

“पोटात,” काकू म्हणाल्या. दोघं हसले आणि एकमेकांचा हात धरून खाली उतरले. मला तेव्हा वाटलं होतं, शहाणी माणसं आहेत.

त्यानंतर थोड्या दिवसांनी एक सकाळ आली. कवळीवाली मोरीत होती, पाण्याचा आवाज येत होता. काचवाल्याने खांद्याला पिशवी लावली. आपले कपडे त्याने आधीच हळूहळू दुकानात नेऊन ठेवले होते. बुटाची नाडी बांधताना साहेब त्याच्या पायाशी आले. त्याने त्यांच्या पडलेल्या कानाला हात लावला, उठला आणि दार ओढून घेतलं. मी खट्.

काका जिन्याच्या तोंडाशी कुंड्यांना पाणी घालत होते. त्याने किल्ली त्यांच्या हातात ठेवली.

“काका, मी दुकानावर झोपायची सोय केलीय. घर तिला राहू दे. तिचं काम इथून जवळ पडतं, आणि साहेबांनाही इथली सवय आहे. फक्त तिला सांगू नका मी किल्ली दिली म्हणून. कळलं तर हट्टाने तीही निघून जाईल. तुम्ही ओळखता तिला.”

“नाही सांगत रे बाबा,” काका म्हणाले. “कोणालाच नाही सांगत.” आणि किल्ली शर्टाच्या खिशात घातली.

तो गेला. मग कवळीवाली मोरीतून बाहेर आली. तिला वाटलं, तो रोजच्यासारखा कामावर गेला. तिने साहेबांच्या ताटलीत पाला ठेवला, वाटीत पाणी ओतलं. तिची बॅग पलंगाखाली भरलेलीच होती. ती दाराशी थांबली. “साहेब,” ती म्हणाली, “त्यांना सांगा, गाजरं धुऊन द्यायची असतात.” मग तिनेही दार ओढलं. मी पुन्हा खट्.

खाली काका नेमके पेपर आणायला गेले होते. काकू भाजी निवडत होत्या. जिन्याचं दार उघडंच होतं, म्हणून हेही माझ्या कानावर आलं.

“काकू, ही माझी किल्ली. मी बहिणीकडे चाललेय. त्याला राहू दे इथे. त्याला कुठे घरं शोधायला जमतंय? तो असाच कुठेतरी पडून राहील. आणि साहेब त्याचेच लाडके. पण त्याला सांगू नका हं. मी गेलेय हे त्याचं त्याला कळेल तेव्हा कळू दे. आधी कळलं तर तो मोठेपणा दाखवायला आपणच निघेल.”

“नाही गं सांगत,” काकू म्हणाल्या. “माझ्या पोटातलं माझ्या नवऱ्यालाही कळत नाही.” आणि ते अगदी खरं होतं.

तर मित्रांनो, असं झालं. एक किल्ली काकांच्या शर्टात, एक काकूंच्या स्वेटरच्या खिशात, तिसरी खिळ्याला. तिन्ही किल्ल्या खाली आणि वर मी बंद. आत साहेब. काकांना वाटत होतं, पोरगी वर आहे. काकूंना वाटत होतं, पोरगा वर आहे. पोराला वाटत होतं पोरगी आहे, आणि पोरीला वाटत होतं पोरगा आहे. चार माणसं निवांत होती. प्रत्येकाला वाटत होतं, आपण कोणाचं तरी भलं केलं.

संध्याकाळी किल्लीची वेळ झाली तेव्हा साहेब दाराशी येऊन बसले. किल्ली आली नाही. ते बसून राहिले. अंधार पडला तरी दिवा लागला नाही. मी आपला दारात. मला काय करता येणार होतं? बाहेरून किल्ली किंवा आतून हात, याशिवाय माझं काही चालत नाही.

दुसऱ्या दिवशी काकू डबा घेऊन वर आल्या. ‘एकटा पडलाय बिचारा, पोटात काही नसेल’ असं स्वतःशीच पुटपुटत होत्या. त्यांनी बेल वाजवली. आतून कोणी येईना. पण बेल ऐकून साहेब उड्या मारत आले आणि दाराला नखं लावू लागले. खुडखुड झाली. काकूंनी कान दिला आणि मान हलवली. “आहेस ना? बरं, नको उघडूस. नाही वाटत कोणाला तोंड दाखवावंसं. डबा मुठीला लावतेय, जेव हो.” डबा मुठीला अडकवून त्या खाली गेल्या. साहेब खुडखुड करतच राहिले.

दुपारी काका वर आले. त्यांना पोरीची विचारपूस करायची होती, पण वाजवायचा धीर होईना. पोरीचं खातं काकूंकडे होतं ना! त्यांना मुठीला लटकलेला डबा दिसला. आपल्याच घरचा डबा त्यांनी लगेच ओळखला. उचलून पाहिला, तर भरलेला, गार झालेला. “अरेरे, पोरगी जेवत नाहीये,” ते म्हणाले. मग त्यांच्या डोक्यात आलं, भरलेला डबा खाली गेला तर आपल्या बायकोला किती वाईट वाटेल. तिने एवढ्या मायेने केलेलं. विचारायची तर सोय नाही, ठरलंय ना पोटात ठेवायचं. म्हणून काका पायरीवर बसले आणि तो गार डबा सगळा खाल्ला. रुमालाने पुसून रिकामा डबा मुठीला लावून ठेवला.

संध्याकाळी काकूंनी रिकामा डबा पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. “जेवला बाई माझा बाळ,” त्या म्हणाल्या.

मला तेव्हा कसं वाटलं असेल, असं तुम्ही विचाराल. काहीच नाही वाटलं. खरंच सांगतो. आत एक जीव दाराची खालची कड कुरतडत होता, त्याची कुरकुर लाकडातून माझ्या स्क्रूपर्यंत येत होती. बाहेर एक म्हातारा माणूस दुसऱ्याचं गार जेवण प्रेमाने गिळत होता. आणि मी मध्ये, दोन्हीकडून बंद. मला वाटतं, फार दिवस नुसतं लागून बसलं की असंच होतं. आवाज येतात, पण कुठे पोचत नाहीत.

पुढच्या दिवशीही तेच झालं. डबा आला, डबा खाल्ला गेला, डबा रिकामा खाली गेला. काका खाली जेवायला बसले की त्यांची भूक मेलेली असायची. काकू विचारायच्या, “अहो, बरं नाही का?” काका म्हणायचे, “आहे की.” जिन्यातून ऐकू यायचं. आतली खुडखुड मात्र आता कमी झाली होती. पाण्याची वाटी केव्हाच लवंडली होती. साहेब दाराशी यायचे, पण उडी मारत नव्हते, सरकत यायचे.

मग काकूंनी एक दिवस डबा लावला आणि दुपारी पुन्हा वर आल्या, कारण चमचा द्यायला विसरल्या होत्या. चमचा हातात घेऊन वर येतात, तर मधल्या पायरीवर नवरा बसलेला. मांडीवर डबा, तोंडात घास.

“अहो!”

काकांना ठसकाच लागला. काकूंनी त्यांच्या पाठीवर थाप मारली, पण जरा जास्तच जोरात.

“घरात जेवायला मिळत नाही का तुम्हाला? त्या पोराचा डबा चोरून खाताय? लाज नाही वाटत?”

“पोराचा कुठला? पोरीचा,” काका घास गिळत म्हणाले. “ती हातच लावत नव्हती गं. तुला वाईट वाटू नये म्हणून मीच आपला खात होतो.”

“कोण ती?”

“कोण म्हणजे? कवळीवाली.”

“अहो, ती कुठली इथे? ती गेली. केव्हाच गेली बहिणीकडे. मी डबा त्याला देतेय.”

“त्याला?” काकांनी डबा खाली ठेवला. “तो तर दुकानावर राहतो. तुझे डबे सुरू व्हायच्या आधीच गेलाय तो.”

मग काकूंनी स्वेटरच्या खिशातून किल्ली काढली. काकांनी शर्टाच्या खिशातून काढली. दोन तळहातांवर दोन किल्ल्या. मी वरून बघत होतो.

“मग आत खुडखुड कोण करत होतं?” काकूंनी विचारलं. आणि विचारता विचारताच त्यांना उत्तर कळलं. चमचा हातातून पडला आणि पायऱ्यांवरून वाजत खाली गेला.

काका धावत वर आले. त्या वयात मी त्यांना धावताना प्रथमच पाहिलं. किल्ली माझ्यात घातली आणि फिरवू लागले. फिरेना. जोर लावत होते, मी हलत नव्हतो. जो माणूस इतकी वर्षं माझी खोड काढायच्या गोष्टी करायचा, तोच ती विसरला. मागून काकू ओरडल्या, “उचला हो! आधी दार उचला!”

त्यांनी दार उचललं. मी उघडलो.

साहेब दाराच्या मागेच होते. आडवे पडले होते, तोंड दाराकडे. पडलेला कान जमिनीला चिकटला होता. पोट हलत होतं, पण अगदी बेतानं. खालच्या कडेची भुकटी सगळीकडे सांडली होती. काकू फतकल मारून बसल्या. डब्यातलं काही कामाचं नव्हतं. त्यांनी ओंजळीतून पाण्याचे थेंब साहेबांच्या तोंडाशी सोडले. “घे राजा, घे रे बाळा,” म्हणत होत्या आणि रडत होत्या. काका भिंतीला टेकून उभे होते. “मी इथे बसून जेवत होतो,” ते म्हणाले. “या दारापाशी बसून जेवत होतो मी.”

दोघांना फोन गेले. ती आधी पोचली, हाताला कवळ्यांच्या साच्याचं पांढरं प्लॅस्टर तसंच. तिच्यामागून दोन-दोन पायऱ्या एकदम चढत तो आला, बाह्यांवर काचेची पूड. माझ्यासमोर, दाराच्या चौकटीत दोघं आमनेसामने आले. महिनाभरात पहिल्यांदा सशाला मध्ये न घालता ते बोलले.

“तू होतास ना इथे?”

“तू होतीस ना?”

एवढंच.

जनावरांच्या डॉक्टरांनी साहेबांना वाचवलं, मित्रांनो. घाबरू नका. आणखी एक दिवस गेला असता तर काही खरं नव्हतं, असं ते म्हणाले म्हणे. पण साहेब परत आले ते बदलूनच आले. कोणाच्याच हातून खाईनात. जमिनीवर ठेवलं आणि माणूस लांब गेला, की मग येऊन खायचे.

मग सामान न्यायचा दिवस आला. तुम्हाला वाटत असेल, एवढं झाल्यावर दोघं पुन्हा एक झाले असतील. नाही झाले. मोडलेलं सगळंच काही जुळत नाही. पण निदान समोरासमोर बोलले. भांडी वाटली, पुस्तकं वाटली. शेवटी साहेब राहिले.

“तू घेऊन जा,” तो म्हणाला. “तुझ्याकडे नीट राहतील.”

“नको, तूच ने,” ती म्हणाली. “त्यांना तूच लागतोस.”

“अगं, खरंच तू ने.”

“नाही, तू.”

काकू इतका वेळ दाराशी उभ्या होत्या. त्या एकदम कडाडल्या. “बस झालं! तू ने, तू ने करूनच तर हे सगळं झालं! दोघं इतके चांगले, इतके चांगले, की मधला जीव उपाशी! आणि आम्ही दोघं थोर, तोंडाला कुलूप लावून बसलो! कोणी नेऊ नका. साहेब माझ्याकडे राहतील. भेटायला या. पण येताना मला सांगा, त्यालाही सांगा, तिलाही सांगा, आणि या माणसालाही सांगा.” असं म्हणून त्यांनी काकांकडे बोट दाखवलं. काकांनी मान खाली घातली आणि म्हणाले, “मला तर आधी सांगा.”

पोरगी काकूंच्या गळ्यात पडली. पोरगा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

सगळं सामान खाली गेलं. खोल्या रिकाम्या झाल्या. दोघं बाहेर आले. तिने दार ओढायला हात घातला आणि थांबली. मान आत घालून तिने हाक मारली, “कोणी आहे का?”

आत कोणी नव्हतं. तिलाही ते माहीत होतं, त्यालाही. पण तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला, आणि दोघं मिळून ऐकत होते. तिचाच आवाज रिकाम्या खोल्यांतून फिरून आला. मग त्याने म्हटलं, “ओढ.” तिने ओढलं. मी खट्. त्या दोघांसाठी माझा तो शेवटचा.

पुढच्याच आठवड्यात काकांनी मला काढलं. दाराची कुरतडलेली कड तासून घेतली आणि नवा लॅच आणला, सरळ बसणारा. त्यावर ‘एवढा चांगला लॅच का काढता’ असं कोणी म्हटलं नाही. मी पण म्हटलं नाही. काकांनी मला तिन्ही किल्ल्यांसकट या डब्यात ठेवलं आणि डबा खालच्या घरात कपाटावर ठेवला.

इथून मला खालचं दार ऐकू येतं. साहेब अजून आहेत. कुठलंही कुलूप वाजलं, अगदी शेजारच्या घराचं सुद्धा, की ते सरकत सरकत दाराशी येऊन बसतात. काकू त्यांना म्हणतात, “अरे, आहे रे मी. इथेच आहे.” कालपरवा साहेबांनी काकूंच्या बोटांतून गाजराची एक चकती घेतली. काकूंनी श्वास धरून ठेवला होता, काकांना हाक मारली ती कुजबुजत. “अहो, या ना इकडे, बघा ना.” आता त्या घरात कोणाच्या पोटात काही राहत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं असलं तरी दोघं एकमेकांना सांगून जातात. आणि दार ओढण्याआधी काका आत मान घालून विचारतात, “कोण आहे रे आत?” काकू स्वयंपाकघरातून ओरडतात, “मी आहे हो!” मगच ते दार ओढतात.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. तुमच्याही हातात किल्ल्या येतील. कधी एखादं घर सोडायची वेळ येईल, कधी एखाद्या माणसाला. सोडावं लागलं तर सोडा, त्याला माझी ना नाही. पण दार ओढण्याआधी आत एक हाक मारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. मी लॅच आहे. मला फक्त बंद होता येतं, आत कोण राहिलंय हे विचारता येत नाही. तुम्हाला येतं.